जुनी दुर्बीण घेताना
पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी फिरताना एखादी दोन डोळ्यांची दुर्बीण हाताला लागते आणि विक्रेता ‘मिलिटरीची आहे, साहेब’ म्हणत भाव चढवतो. त्याचं ऐकू नका, दुर्बिणीवरचे आकडे वाचा. ‘१०×५०’ म्हणजे दहापट मोठं दिसणार आणि पुढच्या भिंगाचा व्यास ५० मिलिमीटर. ५० ला १० ने भागलं की डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशझोताची रुंदी मिळते, ५ मिलिमीटर. अंधारात बाहुली साधारण ५ ते ७ मिलिमीटर उघडते, म्हणून तारे पाहायला हे माप उत्तम. मग मोबाइलचा टॉर्च एका बाजूने आत टाका आणि दुसऱ्या बाजूने पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. दमट हवेत ती वाढते, भिंगावरचा लेप खाते आणि आत असल्याने पुसताही येत नाही. खरी परीक्षा पुढेच. दूरच्या गच्चीच्या कठड्यावर नजर रोखून दुर्बीण डोळ्यांपासून हळूहळू वीतभर मागे घ्या. दोन्ही वर्तुळांत कठडा एकाच पातळीत हवा. एकीकडे वर, दुसरीकडे खाली दिसला तर कधीतरी आपटून आतले प्रिझम हललेत. अशा दुर्बिणीतून एका ताऱ्याचे दोन होतात आणि डोकं धरतं ते वेगळंच. भिंगावरच्या बारीक ओरखड्याने फारसं बिघडत नाही. तो दाखवून भाव खुशाल पाडा. बुरशी लागलेली किंवा प्रिझम हललेली दुर्बीण मात्र फुकट दिली तरी घेऊ नका.