तारण आणि पात्रता

स्त्रिया पापड लाटू शकतात, परंतु पेढी चालवू शकत नाहीत. नेतृत्व हा गुण अंगभूतच असावा लागतो. आणि ज्या अर्थी बँका त्यांना मोठी कर्जे देत नाहीत, त्या अर्थी त्या अपात्रच असल्या पाहिजेत, असा त्रिखंडी सिद्धांत एका विद्वान गृहस्थांनी नुकताच मांडला. गिरगावातल्या सात स्त्रियांनी १९५९ साली ८० रुपये उसने घेऊन आरंभिलेला पापडांचा व्यवहार आज देशभर पसरला आहे, हे त्यांना ठाऊक नसावे. अंगभूत गुण नेमका वडिलोपार्जित गल्ल्यामागेच बसलेला का आढळतो, याचाही खुलासा त्यांनी केलेला नाही.

खरा समाचार घ्यावयाचा तो तिसऱ्या खंडाचा. बँक पाहते ते तारण, आणि तारण म्हणजे आपल्याकडे बहुधा सातबारा. हिंदू एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत महाराष्ट्रात १९९४ पासून आणि देशभर २००५ पासून मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हिस्सा आहे. परंतु बाप वारला आणि दिवसकार्य आटोपले की भाऊ बहिणींना दुय्यम निबंधकाच्या कचेरीत आणतो, माहेर तुटू नये म्हणून त्या हक्कसोडपत्रावर सह्या करतात, आणि भाऊबीजेच्या लुगड्यावर हिशेब चुकता होतो. सासरची जमीन सासऱ्याच्या नावे. वैधव्य आलेच, तर पुष्कळदा तिची वर्णी ‘इतर हक्कां’च्या रकान्यात, सोसायटीच्या बोजाशेजारी लागते. गंमत अशी की, २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने शिधापत्रिकेवर घरातली ज्येष्ठ स्त्रीच कुटुंबप्रमुख. म्हणजे रेशनचा गहू उचलण्यापुरती ती प्रमुख, गहू पिकवणाऱ्या जमिनीपुरती ‘इतर’! आधी तिचे तारण काढून घ्यावयाचे आणि मग तारण नाही म्हणून तिला नालायक ठरवावयाचे, ही वहिवाट कोणत्या तर्कशास्त्रात बसते, ते गृहस्थांनीच सांगावे.

बायकांना हिशेब येत नाही, हा वादही जुनाच. गिरणगावातल्या खानावळवाल्या कामगारांना महिनाभर उधारीवर जेवू घालीत आणि पगाराला पैसे वसूल करीत, तेव्हा तो कोणी उकरला नाही. म्हसवडच्या अंगठेबहाद्दर स्त्रियांनी बँकेचा परवाना मागताच मात्र तो निघाला. त्या अक्षरे शिकल्या, तोंडी व्याज काढून दाखवण्याचे आव्हान त्यांनी अधिकाऱ्यांना दिले, आणि १९९७ साली बँक उघडली.

आमचे मागणे थोडके आहे. कर्ज उलाढालीची वही पाहून द्यावे, हक्कसोडपत्रापूर्वी बहिणीला एकटीला गाठून विचारावे, आणि सरपंचबाईंच्या नावावर स्वतःच कारभार हाकणाऱ्या पतिराजांना सभेबाहेर बसवावे. ज्या वाचकांच्या घरी हक्कसोडपत्राचा मसुदा तयार असेल, त्यांनी तो तूर्त नोंदवू नये.