खड्डे जपानमध्येही पडतात. पावती कुणाच्या नावाने फाटते ते बघा

तो फोटो परत आला. डावीकडे भर चौकात पडलेलं भलंमोठं भगदाड, उजवीकडे तोच चौक चकाचक आणि खाली ओळ : जपानने दोन दिवसांत रस्ता बनवला, आपल्याकडे दोन वर्षं लागतात. दर पावसाळ्यात हा फोटो मला किमान दहा ग्रुपवरून येतो. यंदा तो एका ठेकेदारानेही पाठवला. सोबत हात जोडलेला इमोजी. यावर मी काय बोलणार?

फोटो खरा आहे, ओळ अर्धवट आहे. फुकुओका शहरात हाकाता स्टेशनजवळ ८ नोव्हेंबर २०१६ च्या पहाटे हा रस्ता खचला. खाली मेट्रोच्या बोगद्याचं काम चालू होतं. भगदाड सुमारे ३० मीटर रुंद आणि १५ मीटर खोल. खड्डा दोनेक दिवसांत भरला, पण पाणी, गॅस, वीज, ड्रेनेज सगळं जोडून, तपासून रस्ता खुला झाला तो १५ तारखेला. म्हणजे आठवडा. पुढे २६ तारखेला तो परत काही सेंटिमीटर दबला आणि काही तास बंद ठेवावा लागला. महापौरांनी जाहीर माफी मागितली. यातली माझ्या मते सगळ्यात मोठी गोष्ट फोटोत दिसतच नाही : बोगद्यातल्या कामगारांना धोका जाणवला, ते बाहेर आले आणि रस्ता खचायच्या आधी वाहतूक अडवली गेली. म्हणून एकही जीव गेला नाही.

वेगाचं म्हणाल, तर तो आपल्याकडेही आहे. महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री कोसळला, दोन एसटी बस नदीत गेल्या. त्या जागी नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला, जून २०१७ मध्ये सुरूही झाला. हे आपल्याच राज्यात, आपल्याच इंजिनिअरांनी केलं. मंत्र्यांचा दौरा लागला की रात्रीतून डांबर पडतं हेही सोलापूरकराला सांगायला नको. सिद्धेश्वर यात्रेच्या आधी नंदीध्वजांच्या मार्गावर पॅचवर्क होतंच की. (बाहेरगावच्या पाहुण्याला ‘गड्डा’ म्हटलं की त्याला खड्डाच ऐकू येतं. फार चुकतो असंही नाही.) सांगायचा मुद्दा, करायला येत नाही असं काही नाही. केलं नाही तर कुणाचं काही बिघडत नाही, दुखणं तिथं आहे.

आता जरा मागे जाऊ. ‘जपानी लोकच शिस्तीचे, त्यांच्या रक्तात आहे’ हे वाक्य कट्ट्यावर हमखास येतं म्हणून सांगतो. १९५६ साली जपान सरकारने कोबे-नागोया महामार्गाचा विचार करण्यासाठी राल्फ वॉटकिन्स या अमेरिकन तज्ज्ञाला बोलावलं. त्याच्या अहवालाचा सूर असा होता की जपानचे रस्ते विश्वास बसणार नाही इतके वाईट आहेत आणि एवढं औद्योगिक असून रस्त्यांची एवढी हेळसांड केलेला दुसरा देश नाही. पहिल्या दर्जाच्या राष्ट्रीय महामार्गांपैकी ७७ टक्के तेव्हा कच्चे होते. शिस्तीचे लोक तेव्हाही तेच होते. बदललं ते दुसरंच काहीतरी. पेट्रोलवरचा कर कायद्याने रस्त्यांसाठी बांधून ठेवला, जागतिक बँकेचं कर्ज घेतलं, आणि १९६५ पर्यंत तो महामार्ग पूर्ण झाला.

पण पैसा हा अर्धाच भाग. उरलेला अर्धा भाग कोर्टात घडला, आणि तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो.

जपानमध्ये १९४७ चा एक कायदा आहे. रस्ता किंवा इतर सार्वजनिक बांधकाम बांधण्यात वा सांभाळण्यात दोष राहिला आणि त्यातून कुणाचं नुकसान झालं, तर सरकारने भरपाई द्यायची. १९६३ मध्ये कोची भागात राष्ट्रीय महामार्गावर दरड कोसळून ट्रकमध्ये ड्रायव्हरशेजारी बसलेला एक मुलगा गेला. सरकारचं म्हणणं काय? दरड कोसळण्याचा धोका आहे असा फलक आम्ही लावला होता, आणि सगळीकडे संरक्षक जाळी लावायची तर खर्च झेपणारा नाही. ओळखीचं वाटतंय ना? १९७० मध्ये त्यांच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं : नुसता फलक लावून जबाबदारी संपत नाही, आणि बजेट नाही हे कारण चालणार नाही. अधिकाऱ्याची चूक वेगळी सिद्ध करायचीही गरज नाही. रस्ता सुरक्षित नव्हता ना, मग भरपाई द्या.

दुसरा खटला तर वाचताना मला आपला मंगळवेढा रोड दिसत होता. एक नादुरुस्त ट्रक रस्त्यात ८७ तास तसाच उभा होता. ना दिवा, ना अडथळा. पहाटे एक मोटारसायकलवाला त्यावर आदळून गेला. रस्ता खात्याचं म्हणणं, आम्हाला माहीतच नव्हतं. १९७५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खात्यालाच जबाबदार धरलं. तुमचा रस्ता आहे तर तुम्ही त्यावर फिरून बघायला हवं होतं, माहीत नसणं हाच तुमचा दोष, असा त्याचा अर्थ. आता आपल्या गाळप हंगामातल्या दोन-दोन ट्रॉल्यांच्या ट्रॅक्टरांचा विचार करा. रिफ्लेक्टर नाही, टायर फुटलं की चाकाला दगड लावून रात्रभर रस्त्यातच मुक्काम. सकाळी बातमी येते : उभ्या ट्रॉलीला धडकून दुचाकीस्वार ठार. त्या रस्त्याच्या मालकाचं नाव बातमीत कुठंच नसतं.

एकदा भरपाई खिशातून जायला लागली की तपासणी आपोआप सुरू होते, हे साधं गणित आहे. जपानमध्ये राष्ट्रीय महामार्गांवर खात्याच्या गस्तीच्या गाड्या नेमाने फिरतात. रस्त्यावर काही बिघाड दिसला तर कळवायला चोवीस तास चालणारा ९९१० हा क्रमांक आहे. चिबा शहराने २०१४ पासून नागरिकांना मोबाईलवरून खड्ड्याचा फोटो पाठवायची सोय केली. आपल्याकडेही ॲप निघतातच. फरक तक्रार ‘निकाली’ कशी निघते त्यात आहे. आमच्या ओळखीच्या एकाने एका कार्यालयाकडे खड्ड्याची तक्रार टाकली, तिसऱ्या दिवशी मेसेज आला : आपल्या तक्रारीचे निराकरण करण्यात आले आहे. खड्डा जागेवरच. तक्रारीचं निराकरण झालं, खड्ड्याचं राहिलं.

तरी जपानला देव्हाऱ्यात बसवायचं कारण नाही. तिथेही दरवर्षी साधारण दहा हजार ठिकाणी रस्ता खचतो, बहुतेक लहान. २ डिसेंबर २०१२ ला सासागो बोगद्याच्या छताचे स्लॅब कोसळून ९ जण गेले. जानेवारी २०२५ मध्ये टोकियोजवळच्या याशिओ शहरात १९८३ साली टाकलेली ड्रेनेजची मोठी पाईप सडून रस्ता खचला आणि ट्रकसह आत गेलेल्या ड्रायव्हरचा मृतदेह मिळायला मे उजाडला. ज्या काळात भराभर बांधलं, त्या काळातलं सगळं आता एकदम म्हातारं झालंय.

पण सासागोनंतर काय झालं ते बघा. २०१४ पासून देशातल्या प्रत्येक पुलाची आणि बोगद्याची दर पाच वर्षांनी जवळ जाऊन, डोळ्यांनी बघून तपासणी बंधनकारक झाली. सात लाखांवर पूल. यात गावच्या ओढ्यावरचे लहान पूलही आले. आणि आपल्याकडे? सावित्रीच्या पुलाची दुर्घटनेच्या आधी मे महिन्यातच तपासणी झाली होती आणि धोका नसल्याचं नोंदवलं होतं, ही माहिती तेव्हा सरकारकडूनच आली होती. बरं, ते धडा घ्यायचं निमित्त होतं असं समजू. जून २०२५ मध्ये कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल पडून चार जण गेले. तो धोकादायक आहे हे सगळ्यांना माहीत होतं. फलकही होता. सप्टेंबर २०२५ च्या पुरात सीनेने लांबोटीजवळ पुणे महामार्ग आणि वडकबाळकडे विजापूर महामार्ग बंद पाडला. पाणी ओसरल्यावर गाड्या सुरू झाल्या. जिल्ह्यातल्या ज्या ज्या पुलांवरून ते पाणी गेलं, त्यांच्या पायांची तपासणी कुणी केली, कधी केली, हे त्या पुलावर पाटी लावून लिहायला काय हरकत आहे?

दोन सबबी नेहमी येतात. एक, पाऊस. जपानची पावसाची सरासरी सोलापूरच्या दुपटीहून जास्त आहे. वर भूकंप आणि बर्फ. दुसरी, काळी माती. ही सबब निम्मी खरी आहे. आपली माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, वरचा रस्ता लाटेसारखा होतो. पण हे नवीन नाही, आणि उपायही गुपित नाहीत : माती खोलवर काढून मुरूम भरा, दाबा, पाणी बाजूला जाईल असा उतार द्या, गटार आधी करा आणि रस्ता नंतर. आपल्याकडे रस्ता आधी होतो, गटार नंतर, मग पाईपलाईन, मग गॅस, मग केबल. जुळे सोलापुरात राहणाऱ्याला हा क्रम पाठ असेल. तिथे अनेक शहरांत रस्ता नवा झाला की काही वर्षं तो खोदायलाच बंदी असते, त्यामुळे पाणीवाले, गॅसवाले, केबलवाले आधीच एका टेबलावर बसतात. आपले सगळे एकाच रस्त्यावर बसतात, पण वेगवेगळ्या महिन्यांत.

आणि लांब जपानला कशाला जायचं? पुण्याचा जंगली महाराज रस्ता १९७६ साली झाला. श्रीकांत शिरोळे स्थायी समितीचे अध्यक्ष असताना रेकॉन्डो कंपनीला काम दिलं, दहा वर्षांच्या लेखी हमीवर. हमी संपल्यावरही कित्येक वर्षं त्या रस्त्यावर खड्डा शोधावा लागायचा. त्या कंपनीला पुण्यात पुढे काम मिळालं नाही असं अजूनही सांगतात, आणि ते ऐकून कुणी चकित होत नाही, हेच जास्त वाईट. आजही टेंडरमध्ये दोष दायित्व कालावधी असतो. म्हणजे ठरावीक वर्षं खड्डा पडला तर ठेकेदाराने स्वखर्चाने बुजवायचा. किती लोकांनी आपल्या गल्लीच्या रस्त्याचा हा कालावधी कधी संपतो ते विचारलंय? अंदाजपत्रकाच्या पंचवीस-तीस टक्के बिलो दराने काम घेतलं जातं तेव्हा तो तोटा डांबरातून निघतो, हे रोलरवरचा ड्रायव्हरही सांगेल.

इतकं सगळं लिहिलं त्याचं कारण एक निकाल आहे, ज्याची आपल्याकडे पुरेशी चर्चा झाली नाही. १३ ऑक्टोबर २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या न्या. रेवती मोहिते डेरे आणि न्या. संदेश पाटील यांच्या खंडपीठाने आदेश दिला : खड्ड्यामुळे किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाला तर वारसांना ६ लाख रुपये, जखमी झाल्यास दुखापतीप्रमाणे ५० हजार ते अडीच लाख. ज्याचा रस्ता, त्याने द्यायचे आणि नंतर दोषी अधिकारी-ठेकेदाराकडून वसूल करायचे. महापालिका क्षेत्रासाठी आयुक्त आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव यांची समिती. अर्ज आल्यापासून सहा ते आठ आठवड्यांत रक्कम. आणि निदर्शनास आणलेला खड्डा ४८ तासांत बुजवायचा. चांगले रस्ते हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे हे याच न्यायालयाने २०१५ मध्येच सांगितलं होतं, आता त्यावर रक्कम लिहिली.

जपानच्या कोर्टाने १९७० मध्ये जे केलं, त्याच्या जवळ जाणारं हे आपलं पहिलं पाऊल आहे. पण ही रक्कम मिळणार कशावर? कागदावर. आणि आपला कागद काय म्हणतो? खड्ड्यात आदळून मुलगा गेला की गुन्हा बहुतेक वेळा त्या मेलेल्या मुलावरच नोंदवला जातो : स्वतःच्या ताब्यातील मोटारसायकल हयगयीने चालवून स्वतःच्या मृत्यूस कारणीभूत. पंचनाम्यात मोटारसायकलचा नंबर असतो, हेल्मेट होतं की नव्हतं ते असतं, खड्डा नसतो. आठ दिवसांनी तो बुजवलेला असतो (तो मात्र लगेच). मग घरचे समितीपुढे काय दाखवणार?

म्हणून विनंती. देव करो आणि अशी वेळ कुणावर न येवो, पण आलीच तर जखमीला दवाखान्यात पाठवल्यावर एकाने तिथेच थांबून खड्ड्याचा फोटो काढा. शेजारी चप्पल, पाण्याची बाटली काहीही ठेवा, म्हणजे खोली कळेल. मागे एखादं दुकान किंवा खांब येऊ द्या. पोलीस आले की पंचनाम्यात खड्ड्याची लांबी, रुंदी, खोली लिहायला सांगा, आणि ती लिहिल्याशिवाय पंच म्हणून सही करू नका. जखमीच्या कागदांवर ‘खड्ड्यात पडून’ हे शब्द येतील असं बघा. अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडेही द्या, पोहोच घ्या. आणि अपघात व्हायच्या आधीच आपल्या गल्लीतल्या खड्ड्याची लेखी तक्रार करून ठेवा, कारण ‘आम्हाला माहीत नव्हतं’ हे उत्तर तिथेच बंद होतं. तक्रारीची पोहोच, तारीख आणि फोटो मला इथे कमेंटमध्ये टाका. ४९ व्या तासाला मी त्या जागेवर जाऊन दुसरा फोटो काढतो.