मधुमेहींचे पाय : नशिबाला दोष कशाला?

मधुमेह हा श्रीमंतांचा रोग, हा गैरसमज आता पुरे! भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी मधुमेही आहेत. त्यांत झाडूवाला आहे, बिगारीही आहे.

साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली की पायाची संवेदना जाते, रक्तपुरवठा घटतो. खिळा टोचला तरी कळत नाही. जखम चिघळते आणि पाय कापला जातो. लोक नशिबाला दोष देतात. आम्हाला हे मान्य नाही. मेलेले मांस काढणे, जंतुसंसर्गावर औषध, तुंबलेली रक्तवाहिनी मोकळी करणे आणि प्लास्टर घालून जखमेवरचा भार काढणे, या उपायांनी पुष्कळ पाय वाचतात. बरी झालेली जखमही पुन्हा उलटते. म्हणून मऊ रबराची एमसीआर चप्पल कायम हवी.

पण भार काढायचा म्हणजे कित्येक आठवडे काम बंद. रोजंदारीवाल्याने खायचे काय? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचे कलम २० सेवेत अपंगत्व आलेल्या सरकारी कर्मचाऱ्याची नोकरी राखते. ठेकेदाराच्या कामगाराचे काय? सरकारी रुग्णालयाने वेळेवर उपचार न देणे हा संविधानाच्या कलम २१ चा भंग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने पश्चिम बंग खेत मजदूर समिती खटल्यात १९९६ सालीच बजावले आहे.

म्हणून आमची मागणी आहे : प्रत्येक आरोग्य केंद्रात मधुमेहींच्या पायांची वार्षिक तपासणी, मोफत चप्पल आणि उपचारकाळात भरपगारी रजा. कृत्रिम पाय वाटण्याचे समारंभ पुष्कळ झाले. आधी असलेला पाय वाचवा!