परिचय की पंचनामा?

गेल्या वर्षी एका जलशानंतर दाराशी एक पुस्तिका वाटली गेली. सोळा पानांची, रंगीत मुखपृष्ठाची, 'जगातील धर्मांची ओळख' अशा आशयाची. घरी येऊन मी ती उत्सुकतेने उघडली. ज्यू धर्माला अडीच पाने होती. त्यांत ज्यूंनी कोणत्या पैगंबरांना त्रास दिला आणि त्यांच्यावर कोणकोणती संकटे कोसळली याची यादी होती. ख्रिस्ती धर्माला तीन पाने होती. त्यांत बायबल कसे बदलले आणि तीन देव कसे आले एवढेच होते. ज्यू माणूस दिवसातून किती वेळा प्रार्थना करतो, ख्रिस्ती घरात मूल जन्माला आले की काय करतात, त्यांचा उपवास कसा असतो, याबद्दल अवाक्षर नाही. माझ्या मते हा परिचय नव्हता, पंचनामा होता. आरोपीला न बोलावता केलेला.

मी अलिबाग-रेवदंड्याच्या पट्ट्यातला माणूस. म्हणून ही गोष्ट मला जास्त लागली. पुस्तिका लिहिणारा कुठल्या दूरच्या शहरातला असेल, त्याने ज्यू पाहिला नसेल. पण आपण? आपल्या या किनाऱ्यावर ज्यू शेकडो वर्षे राहिले. त्यांच्या परंपरेप्रमाणे त्यांचे पूर्वज नवगावजवळ जहाज फुटून किनाऱ्याला लागले; सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या. बुडालेल्यांना पुरले ती जागा नवगावला आजही दाखवतात. ते तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गावाने त्यांना नाव दिले शनवारतेली. माझी आजी सांगायची, तिच्या आईच्या वेळी घरात नियमच होता : तेल शुक्रवारी आणून ठेवायचे. का, तर शनिवारी घाणा बंद. जगातल्या एका प्राचीन धर्माचा सर्वांत मोठा नियम आपल्या आयाबायांना असा ठाऊक होता. पुस्तकातून नव्हे, तेलाच्या बुधलीतून.

आणि आज? अलिबागच्या इस्राएल आळीत 'मागेन आबोथ' हे १८४८ सालचे सिनेगॉग उभे आहे. त्या रस्त्याने रोज कॉलेजला जाणाऱ्या आपल्याच एका मुलाला मी विचारले, "ही इमारत कसली रे?" तो म्हणाला, "इस्राएलवाल्यांचे काहीतरी ऑफिस आहे." मुलगा हुशार आहे, नमाजी आहे. त्याचा दोष नाही. त्याला कोणी सांगितलेच नाही. सांगितले ते फक्त पुस्तिकेतले.

वाचकहो, या शनवारतेल्यांचे आपल्याशी नाते किती जवळचे होते ते पाहा. ते स्वतःला बेने इस्राएल म्हणवतात. 'बनी इस्राईल' हा शब्द आपण कुरआनात वाचतो तोच हा. अठराव्या शतकात दाविद रहाबी यांनी त्यांच्यातील काही जणांना धर्मशिक्षण देऊन पुढारी नेमले, त्या पुढाऱ्यांना ते काय म्हणत? 'काजी'. मुंबईत १७९६ साली त्यांचे पहिले सिनेगॉग झाले, त्याला ते काय म्हणत? 'मशीद'. पुढे दुसरे झाले तेव्हा हे 'जुनी मशीद' आणि ते 'नवी मशीद' झाले. मशीद बंदर हे नाव त्यावरूनच पडले असे सांगतात. ती जुनी मशीद बांधणारे सॅम्युएल दिवेकर इंग्रजांच्या फौजेत होते आणि टिपू सुलतानच्या कैदेत पडले. त्यांच्या समाजात कथा आहे की, हे बनी इस्राईल आहेत, कुरआनात यांचा उल्लेख आहे, असे टिपूच्या आईने सांगितले म्हणून त्यांचे प्राण वाचले. सुटल्यावर त्यांनी नवस फेडला. कथेचा शब्दन् शब्द खरा असेल नसेल. पण एका ज्यू समाजाने आपल्या पहिल्या प्रार्थनास्थळाच्या जन्मकथेत एका मुसलमान आईला जागा दिली, ही गोष्ट खरी आहे. आपल्या किती कथांत त्यांना जागा आहे?

जंजिऱ्याच्या सिद्दी नवाबाच्या राज्यात १८९०च्या दशकात शालोम बापूजी इस्राएल हे बेने इस्राएल गृहस्थ कारभारी होते. मुसलमान संस्थानाचा ज्यू कारभारी! किहीमचे ते किहीमकर, पेणचे ते पेणकर, रोह्याचे ते रोहेकर, नवगावचे ते नवगावकर. आपलीही आडनावे अशीच गावांवरून. नुसते आडनाव ऐकून माणूस मुसलमान, ज्यू की हिंदू हे सांगता येऊ नये, असा हा आपला किनारा.

आता धर्माकडे येऊ. ज्यू धर्माचा पाया एकच : ईश्वर एक आहे. 'शेमा' नावाचे हे वचन ते सकाळ-संध्याकाळ म्हणतात. प्रार्थना दिवसातून तीन वेळा, तोंड जेरुसलेमकडे, म्हणजे आपल्या पहिल्या किबल्याकडे. सिनेगॉगमध्ये मूर्ती नाही, तसबीर नाही. मुलाची सुंता आठव्या दिवशी. डुकराचे मांस वर्ज्य. जनावर विधीप्रमाणे कापायचे, रक्त जाऊ द्यायचे. शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या रात्रीपर्यंत शब्बाथ, त्यात काम बंद. वर्षातून एकदा योम किप्पूर, सुमारे पंचवीस तासांचा कडक उपवास आणि तौबा. आपले बेने इस्राएल त्याला मराठीत 'दारफळणीचा सण' म्हणत, कारण त्या दिवशी दारे लावून घरात बसायचे. जगाच्या ज्यूंशी संबंध तुटला, हिब्रू विसरली, पोथ्या राहिल्या नाहीत, तरी या लोकांनी शब्बाथ, सुंता, खाण्याचे नियम आणि शेमा हे चार धागे सोडले नाहीत. कसल्याही मदरशाशिवाय! अल्पसंख्य म्हणून जगणाऱ्या आपल्यासारख्यांना याहून मोठा धडा कुठला हवा? पण त्या अडीच पानांत तो नाही.

ख्रिस्ती धर्माचेही तेच. आपल्या शेजारी कोर्लई आहे. किल्ल्याच्या पायथ्याशी ख्रिस्ती वस्ती आहे, तिथे पोर्तुगीज-मराठी मिसळून झालेली बोली अजून घराघरात बोलतात. रेवदंड्याच्या कोटात पडक्या चर्चच्या भिंती आणि 'सातखणी' मनोरा आपण लहानपणापासून पाहतो. पाहून आपल्या मनात एकच समीकरण : ख्रिस्ती म्हणजे पोर्तुगीज, पोर्तुगीज म्हणजे जुलूम. जुलूम झाला हे खरेच. गोव्यात १५६० साली धर्मन्यायपीठ बसले आणि १८१२ पर्यंत थोड्या काळाचा अपवाद सोडता चालले. त्याने हिंदूंना, मुसलमानांना, ज्यू वंशाच्या माणसांना, खुद्द ख्रिस्त्यांनाही छळले. पण कोणी 'मुसलमान म्हणजे औरंगजेब' म्हटले की आपल्या अंगाचा तिळपापड होतो ना? मग कोर्लईच्या कोळणीच्या गळ्यातल्या क्रुसाला आपण अल्बुकर्कचा हिशेब का विचारतो? त्याच गोव्यात फादर स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने मराठीत ओवीबद्ध 'ख्रिस्तपुराण' लिहिले, ते १६१६ साली छापले गेले. पंडिता रमाबाई, नारायण वामन टिळक, लक्ष्मीबाई टिळक, आणि अलीकडे २०२०च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झालेले फादर दिब्रिटो. हाही ख्रिस्ती धर्मच आहे, आणि तो आपल्याच भाषेत बोलतो.

'ते तीन देव मानतात' हे वाक्य आपल्याकडे सर्रास चालते. एखाद्या ख्रिस्ती शेजाऱ्याला विचारून पाहा. तो म्हणेल, "देव एकच आहे, पिता, पुत्र, पवित्र आत्मा या त्या एकाच देवाच्या तीन व्यक्ती." ३२५ साली निकियाच्या आणि ३८१ साली कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेत त्यांच्या धर्मगुरूंनी या श्रद्धेचे शब्द ठरवले. आपल्याला ते मान्य नाही. तौहीद मानणाऱ्याला ते मान्य होणारही नाही. पण 'तुझे म्हणणे मला पटत नाही' हे एक, आणि 'तू जे म्हणतच नाहीस ते मी तुझ्या तोंडी घालतो' हे दुसरे. पहिला मतभेद आहे, दुसरी खोटी साक्ष आहे. मुसलमान काबागृहातल्या काळ्या दगडाची पूजा करतात, असे कोणी छापले तर आपण काय म्हणतो? म्हणतो, आधी आम्हाला विचारा. तोच हक्क दुसऱ्याला द्यायला आपली जीभ का अडखळते?

यावर माझे मित्र चार आक्षेप घेतात. ते टाळण्यासारखे नाहीत.

पहिला आक्षेप : त्यांच्या ग्रंथांत फेरफार झाला, मग वाचायचे कशाला? फेरफार म्हणजे काय, यावर आपल्याच आलिमांत मतभेद आहेत. सर सय्यद अहमद खान यांनी १८६२ साली बायबलवर भाष्य प्रसिद्ध केले. मुसलमानाने लिहिलेले बायबलचे भाष्य! त्यांचे म्हणणे असे की, फेरफार प्रामुख्याने अर्थात झाला आहे. त्याच्या आठच वर्षे आधी, १८५४ साली, आग्र्याला मौलाना रहमतुल्लाह कैरानवी आणि पाद्री फांडर यांचा जाहीर वादविवाद झाला होता. पाद्री आपला धर्म खोडत फिरत होते, त्यांना उत्तर देणे भाग होते. त्या विद्वत्तेला माझा सलाम. पण आज आपल्या पुस्तकांच्या स्टॉलवर फक्त आग्राच विकला जातो. सर सय्यदांचे भाष्य आपल्यापैकी किती जणांनी ऐकले तरी आहे? आणि कैरानवींनी निदान बायबल वाचले होते. आपण तेही वाचत नाही, फक्त त्यांच्या विजयाच्या गोष्टी सांगतो.

दुसरा आक्षेप : मुले बिघडतील. ज्या ईमानला शेजाऱ्याची प्रार्थना ऐकून धक्का बसतो, ते ईमान पुस्तक लपवून टिकणार नाही. हदीसच्या संग्रहांत आहे की, पैगंबरसाहेबांनी हजरत झैद बिन साबित यांना ज्यूंची लिपी शिकायला सांगितली. अल-बिरूनीने १०३०च्या सुमारास हिंदूंवर ग्रंथ लिहिला, त्यात त्याने आपली रीत आधीच सांगितली : हे खंडनाचे पुस्तक नाही, लोक जे मानतात ते त्यांच्याच शब्दांत मांडायचे. त्यासाठी तो संस्कृत शिकला. पुढच्या शतकात शहरस्तानीने जगातले धर्म आणि पंथ यांवर ग्रंथ रचला. धर्मांचा अभ्यास हे विलायतेतून आलेले खूळ नाही. तो आपला वारसा आहे. आपण तो गहाण टाकला.

तिसरा आक्षेप : आपल्याच मुलांना आपला धर्म नीट माहीत नाही, दुसऱ्यांचा कुठे शिकवता? पण आपला धर्म तरी यांच्याशिवाय कसा शिकवणार? इब्राहीम, मूसा, दाऊद, ईसा, मरयम यांना वगळून कुरआन शिकवून दाखवा! आशुऱ्याचा रोजा मदिनेच्या ज्यूंच्या रोज्याशी जोडलेला आहे. मक्केत छळ झाला तेव्हा पहिल्या मुहाजिरांना आसरा दिला तो हबशाच्या ख्रिस्ती राजाने.

चौथा आक्षेप सर्वांत जड आहे : गाझा. २०२३च्या ऑक्टोबरनंतर गाझात जी माणसे मेली, जी मुले मेली, ते पाहून कोणाच्या घशाखाली घास उतरला? माझ्याही नाही. पण तो संताप एका सरकारवर आणि त्याच्या फौजेवर आहे. तो मूसाच्या शरीअतवर नाही, नवगावच्या कबरींवर तर नाहीच. स्वतः बेने इस्राएलांना तिथे काय भोगावे लागले पाहा. १९४८ नंतर हजारोंनी गेले, आणि १९६२ साली तिथल्या धर्मपीठाने त्यांच्या विवाहांसाठी वंशाची चौकशी लावली. ते खरे ज्यू की नाहीत, असा संशय. १९६४ साली जेरुसलेममध्ये त्यांना धरणे धरावे लागले, तेव्हा कुठे सरकारने ते पूर्ण ज्यू असल्याचे जाहीर केले. ज्यू म्हणजे एकच गठ्ठा नव्हे, जसे आपण नाही. २००८ साली मुंबईत अतिरेक्यांनी नरिमन हाऊसमध्ये ज्यूंना मारले. त्या मारेकऱ्यांना आपल्या कब्रस्तानात जागा द्यायला मुंबईच्या मुसलमान विश्वस्तांनी नकार दिला. गुन्हा धर्माचा नव्हे, करणाऱ्याचा, हे आपण तेव्हा जगाला सांगितले. तेच माप आता आपल्या हातात आहे. ते उलटे धरायचे का?

मग करायचे काय? फार मोठे काही नाही. गावच्या वाचनालयात मराठी बायबल ठेवा. मुलांना उत्पत्तीचे पुस्तक, स्तोत्रे आणि एक शुभवर्तमान वाचू द्या, कुरआनशी ताडून पाहू द्या. शाळेच्या सहली वॉटर पार्कला जातात, त्यांतली एक अलिबागच्या सिनेगॉगला आणि कोर्लईच्या चर्चला न्या. आधी परवानगी घ्या, आत जाऊन ऐका. पुस्तिका छापायचीच असेल तर छापण्याआधी ती एका ज्यूला आणि एका ख्रिस्त्याला दाखवा. 'हे आमचेच आहे' असे त्याने म्हटले तर छापा. नंतर शेवटच्या पानावर आपला मतभेद खुशाल लिहा, ठणकावून लिहा. पण शेवटच्या पानावर.

किनाऱ्यावर आता मोजकीच ज्यू घरे उरली आहेत. २०१६ साली महाराष्ट्र शासनाने त्यांना अल्पसंख्य दर्जा दिला, तोवर बहुतेक आळ्या रिकाम्या झाल्या होत्या. मुंबईत भायखळ्याच्या सर जेकब ससून शाळेत आज बहुसंख्य मुले मुसलमान आहेत. ज्यू दात्याच्या शाळेत आपली लेकरे शिकतात. जे हयात आहेत त्यांना विचारण्याची संधी अजून आहे. उद्या विचारायला कोणी उरणार नाही, उरेल फक्त ती सोळा पानांची पुस्तिका. आणि आपल्या नातवंडांना तीच खरी वाटेल.

त्या कॉलेजच्या मुलाला मी नंतर इस्राएल आळीत घेऊन गेलो. फाटकाशी उभा राहून त्याने वरची हिब्रू अक्षरे पाहिली आणि विचारले, "चाचा, हे पण उजवीकडून डावीकडे वाचतात?"

अभ्यासाची सुरुवात अशी होते. अडीच पानांच्या निकालाने नव्हे.