माणसाची पारख आणि नातीचा व्यवसाय

गतवर्षी आमच्या नातीने मानसशास्त्राची पदवी घेतली व पुढे औद्योगिक मानसशास्त्र शिकण्याचा मानस घरात बोलून दाखविला, तेव्हा सर्वांत मोठा विरोध आमचाच होता. गव्हाचा दाणा दाताखाली धरून ओल ओळखणाऱ्या आम्हांस, माणसाची पारख करण्यासाठी विद्यापीठात जावे लागते ही कल्पनाच हास्यास्पद वाटली. तिने वाद घातला नाही. एवढेच विचारले, "आजोबा, मुनीमजी का गेले?"

या प्रश्नाचे उत्तर स्मरणिकेत लिहिणे सुखाचे नाही. तथापि लिहीत आहोत. २०१७ साली वस्तू व सेवा कर आला, त्या सुमारास आम्ही पेढीचे हिशेब संगणकावर नेले. सत्तावीस वर्षे आमचा रोजमेळ व खातेवही लिहिणारे मुनीमजी एका सकाळी येऊन पाहतात, तो त्यांच्या गादीच्या जागी टेबल आणि टेबलावर यंत्र! त्यांस आधी कोणी सांगितले नव्हते. विचारण्याचा तर प्रश्नच नव्हता. पगार कमी केला नाही, एवढ्यावर आमचे कर्तव्य संपले असे आम्ही मानले. चार महिन्यांनी प्रकृतीचे निमित्त सांगून ते निघून गेले. कोणत्या गावचा दुकानदार कोणत्या महिन्यात उधारी फेडतो, कोणास किती ताणावे, हे सारे ज्ञान त्यांच्याबरोबर गेले. त्या वर्षी दोन मोठ्या उधाऱ्या बुडाल्या आणि आम्ही दोष दिला तो संगणकाला.

नातीने मग अहमदाबादची हकीकत सांगितली. ती आपल्या समाजास विशेष जवळची आहे, कारण तिच्या मुळाशी साराभाई हे जैन घराणे आहे. १९४७ साली तेथील गिरणीमालकांनी वस्त्रोद्योग संशोधनासाठी 'अटिरा' ही संस्था काढली. विक्रम साराभाई तिचे आरंभीचे संचालक. धाग्याबरोबर माणसाचाही अभ्यास व्हावा म्हणून तेथे मानसशास्त्राचा विभाग होता व त्याची धुरा मिशिगन विद्यापीठाची डॉक्टरेट घेतलेल्या कमला चौधरी यांनी वाहिली.

त्याच शहरात साराभाईंच्या ज्युबिली मिलमध्ये स्वयंचलित माग बसविले गेले. परंतु अपेक्षित उत्पादन निघेना. लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस यांनी १९५३ साली पाहणी केली. माग २२४, माणसे २९ आणि कामाचे प्रकार बारा! एकजण तुटलेला धागा जोडी, दुसरा कांडी भरी, तिसरा तेल घाली. कोणाच्या वाट्यास किती माग याचा मेळ नाही, आणि अमुक माग आमचे असे म्हणणारे कोणीच नाही. यंत्र नवे होते, पण माणसांची मांडणी कोणी विचारपूर्वक केलीच नव्हती. ६४ मागांमागे सात जणांची एक टोळी असावी, अशी योजना पुढे आली. कामगारांनी ती उचलून धरली व आपल्या टोळ्या आपणच जुळविल्या. आरंभीच्या अडचणींनंतर उत्पादन वाढले, सदोष कापड कमी झाले. यंत्र मात्र तेच होते.

ही हकीकत येथेच संपली असती तर आमच्यासारख्यास फार सोपी वाटली असती. १९७० साली एरिक मिलर यांनी पुन्हा पाहणी केली तेव्हा त्या स्वयंचलित विभागातील टोळी-पद्धत बहुतांशी मोडलेली आढळली. साध्या मागांच्या विभागात मात्र ती टिकून होती. म्हणजे हे काम एकदा करून विसरण्याचे नव्हे. कोठार एकदा झाडले म्हणून कीड कायमची जात नाही, हे आपणांस वेगळे सांगावयास नको.

या व्यवसायात पोट भरते काय, हा व्यापाऱ्याचा प्रश्न आम्ही विचारलाच. १९६४ पासून लखनौच्या रेल्वे संशोधन संस्थेत मानसशास्त्राचा स्वतंत्र विभाग आहे. इंजिनचालक होऊ पाहणाऱ्यास अभिक्षमता चाचणी द्यावी लागते. सैन्यातील अधिकारी निवडतानाही मानसशास्त्रज्ञ असतोच. मुंबई विद्यापीठात १९५९ पासून उपयोजित मानसशास्त्राचा विभाग आहे. खाजगी कारखान्यांत मात्र आरंभीची नोकरी बहुधा मनुष्यबळ खात्यात मिळते, आणि मानसशास्त्रज्ञ ही पाटी दारावर क्वचितच लागते. आता उमेदवारांचे अर्जही संगणक चाळू लागला आहे. म्हणून संख्याशास्त्रात कच्चे राहू नये, असे तिला आम्ही बजावले. आकड्यांत गफलत करणारा आमच्याही धंद्यात टिकत नाही.

आमची खरी शंका निराळी आहे. पगार मालक देणार आणि मनातले कामगार सांगणार. मग ही मुलगी कोणाची? मालकाचा कान होऊन राहिली तर हमालही तिच्याशी खरे बोलणार नाही. उज्जैनच्या गिरण्यांचे भोंगे बंद झालेले आम्ही पाहिले आहेत. आता विक्रम उद्योगपुरीत नवे कारखाने उभे राहत आहेत. तेथे पहिल्या दिवसापासून असे माणूस असावे, आणि ते आपल्या घरांतून जावे, असे आमचे स्पष्ट मत झाले आहे. मुलींना बँकेच्या परीक्षांकडेच लोटणाऱ्या आमच्या बंधूंनी याचा विचार करावा.

येत्या दिवाळीच्या सुट्टीत ती आमच्या पेढीवर हमाल व तुलावटी यांच्याशी बोलणार आहे. कोण काय बोलले ते नावानिशी आम्हांस कळणार नाही, ही अट तिचीच. आम्ही ती मान्य केली. थोड्या नाखुषीने, हेही खरे. मुनीमजींच्या घरी ती स्वतः जाऊन आली. त्यांनी चहा दिला, येतो असे मात्र अद्याप म्हटलेले नाही.