कायनेटिक चौकात उभं राहून विचारतो : घराणं कशाला म्हणायचं?

मंडळी, पोस्ट मोठी आहे. वेळ असेल तर आत्ता वाचा, नसेल तर सेव्ह करून रात्री वाचा. पण अर्धी वाचून कमेंटमध्ये भांडायला येऊ नका.

परवा स्टेशनकडून शेअर रिक्षाने केडगावला येत होतो. शेजारी आठवी-नववीतला एक पोरगा दप्तर मांडीवर घेऊन बसलेला. कायनेटिक चौक आला तसं त्यानं विचारलं, "काका, कायनेटिक म्हणजे काय ओ?" रिक्षावाले काका म्हणाले, "स्टॉपचं नाव आहे बाळा."

पोरगा गप्प बसला. मीही गप्प बसलो. काकांची चूक नाही. आपण सगळेच तसं समजतो. पण त्या वाक्यातली गंमत घरी आल्यावर लक्षात आली. ज्या घराण्याच्या कारखान्यावरून त्या चौकाला नाव पडलं, त्याच घराण्यातल्या माणसाचा या देशात ऑटोरिक्षा आणण्यात मोठा वाटा आहे. म्हणजे रिक्षात बसून, रिक्षावाल्याला विचारलं आणि उत्तर काय मिळालं, तर स्टॉपचं नाव!

त्याच चौकात मान वर करून बघा. फ्लेक्सच फ्लेक्स. कार्यसम्राट, विकासपुरुष, दानशूर व्यक्तिमत्त्व, आणि सगळ्यात लाडका शब्द म्हणजे "थोर घराण्याचा समर्थ वारसा". वाढदिवस साहेबांचा, शुभेच्छुक म्हणून खाली चाळीस फोटो, त्यात निम्म्या पोरांना अजून मिसरूड फुटलेलं नाही. आज याच शब्दावर बोलायचं आहे. घराणं. वारसा. हे शब्द आपण फार स्वस्त करून टाकलेत.

आधी ज्यांच्या कारखान्यावरून चौक आहे, त्या फिरोदियांबद्दल. नवीन पिढीसाठी थोडक्यात सांगतो.

कुंदनमल शोभाचंद फिरोदिया, म्हणजे नगरचे भाऊसाहेब फिरोदिया. पेशानं वकील. स्वातंत्र्यलढ्यात तुरुंग भोगला. १९४६ ते १९५२ ते मुंबई विधानसभेचे अध्यक्ष होते. तेव्हाची मुंबई म्हणजे आजच्या महाराष्ट्राचा मोठा भाग, गुजरातचा बराच भाग आणि कर्नाटकातले काही जिल्हे. १९४७ चा हरिजन मंदिर प्रवेश कायदा आणि १९४८ चा कूळकायदा याच काळातले. ज्या विधानसभेत हे कायदे झाले, तिच्या अध्यक्षाच्या खुर्चीवर आपल्या नगरचा वकील बसलेला होता. नगरमध्ये त्यांच्या नावाचं हायस्कूल आहे. तुमच्यातले कितीतरी जण तिथे शिकले असतील. भाऊसाहेब कोण, हे त्यातल्या किती जणांना सांगता येईल? हात वर करा.

त्यांचे चिरंजीव नवलमल. १९४२ च्या चळवळीत तेही तुरुंगात गेले. स्वातंत्र्य मिळालं तेव्हा मोरारजी देसाई मुंबई राज्याचे गृहमंत्री होते. माणसानं माणसाला ओढत न्यायचं हे स्वतंत्र देशाला शोभत नाही, सायकलरिक्षा बंद झाल्या पाहिजेत, असा विचार तेव्हा सरकारात सुरू होता. विचार चांगलाच. पण रिक्षा ओढणाऱ्यानं मग खायचं काय? नवलमलजींनी इटलीच्या पियाजिओ कंपनीच्या मालवाहू तीनचाकीचं चित्र पाहिलं. ती गाडी मागवली, मागे माणसं बसतील अशी रचना करून घेतली आणि मोरारजींना दाखवली. इथून ऑटोरिक्षाची गोष्ट सुरू झाली.

पुढे बजाज घराण्याबरोबर भागीदारी झाली. १९५८ मध्ये बजाज टेम्पो कंपनी, जर्मनीच्या टेम्पो कंपनीच्या सहकार्यानं. आपण आज कुठल्याही छोट्या मालगाडीला "टेम्पो" म्हणतो ना, तो शब्द तिथून आला. मग मॅटाडोर. मग १९७२ ला नवलमलजींचे बंधू हस्तीमल यांच्या कायनेटिकची लुना, जी आपल्या नगरमध्ये बनली. दौंड रस्त्यावरच्या त्या कारखान्यामुळे आपला चौक "कायनेटिक".

रिक्षा, टेम्पो, मॅटाडोर, लुना. एवढी चार नावं काढून घेतली तर महाराष्ट्राचा मागच्या पन्नास-साठ वर्षांचा प्रवास सांगता येणार नाही. नेप्तीच्या बाजाराला कांदा कशात गेला? टेम्पोत. वऱ्हाड कशात गेलं? मॅटाडोरमध्ये. आजारी म्हातारीला रात्री दवाखान्यात कशातून नेलं? रिक्षातून. माझ्या वडिलांकडे लुना होती. पुढे मी उभा, मागे आई, हँडलला भाजीची पिशवी. चढ आला की वडील पायडल मारायचे आणि आम्ही उतरून चालायचो. पण सायकलवरून गाडीवर आलो, याचा जो रुबाब होता, तो आजच्या फॉर्च्युनरला नाही!

आता मुद्द्यावर येतो.

आपल्याकडे दान म्हटलं की डोळ्यांपुढे काय येतं? वरून खाली येणारा हात. देणारा उभा, घेणारा वाकलेला, मध्ये फोटोग्राफर. वह्या वाटप, साडी वाटप, छत्री वाटप. वहीच्या कव्हरवर साहेबांचा फोटो, म्हणजे पोरगं वर्षभर गणितं सोडवताना साहेबांकडे बघणार. रुग्णवाहिकेवर रुग्णवाहिका हा शब्द शोधावा लागतो, पण नाव लांबून दिसतं.

रिक्षाचं काय झालं बघा. ती कुणी कुणाला दान दिली नाही. धंदा होता, नफा होता, ते मी लपवत नाही. पण जो माणूस दुसऱ्या माणसाला ओढत होता, त्याला ताठ बसून हँडल धरता येईल, अशी सोय त्यातून उभी राहिली. परमिट त्याचं, मीटर त्याचं, दिवसाची कमाई त्याची. त्यासाठी त्याला कुणाच्या वाढदिवसाला रांगेत उभं राहावं लागलं नाही. माझ्या मते या घराण्यानं समाजाला दिलेली सगळ्यात मोठी देणगी हीच, आणि ती देणग्यांच्या कुठल्याच यादीत सापडत नाही.

घेणाऱ्याची मान ताठ ठेवते ती देणगी. मान खाली घालायला लावते, ती उधारी. आणि त्या उधारीची वसुली दर पाच वर्षांनी मतपेटीत होते.

यादीत बसणाऱ्या देणग्याही आहेतच. शास्त्रज्ञांचा गौरव करणारे एच. के. फिरोदिया पुरस्कार. पुण्यात नवलमलजींच्या नावाचं विधी महाविद्यालय. पुण्याच्या कॉलेजमधल्या पोरांना वेड लावणारा फिरोदिया करंडक. आणि ५ नोव्हेंबर २०२४ ला मावळात इंद्रायणीकाठी उघडलेलं अभय प्रभावना संग्रहालय, नवलमलजींचे पुत्र अभय फिरोदिया यांच्या पुढाकारातून, सुमारे ५० एकरांत. शाळा, कायदा, विज्ञान, रंगमंच, विचार. यातलं काहीही वाटप करून एका दिवसात संपणारं नाही.

आता कमेंटमध्ये काय येणार ते मला माहीत आहे. तीन आक्षेप येतील, तेव्हा आधीच बोलतो.

पहिला : "उद्योगपतींची भाटगिरी करतोय." नाही. उद्योगपतीनं नफा कमावला तर त्याची आरती ओवाळायची गरज नाही. कामगाराचा प्रश्न आला तर मी कामगाराच्या बाजूला उभा राहीन. कायनेटिकचा दुचाकीचा धंदा २००८ ला महिंद्राकडे गेला, तेव्हा नगरच्या कितीतरी घरांत त्या नावाबरोबर एक काळही संपला. त्या आठवणी गोड नाहीत, आणि त्या पुसा असं मी म्हणत नाही. माझा प्रश्न एवढाच, की वारसा मोजायचा कशानं?

दुसरा : "तेही राजकारणात होतेच की." होते. भाऊसाहेब अध्यक्ष होते आणि त्यांचे चिरंजीव मोतीलाल १९६२ ला नगरमधून लोकसभेवर निवडून गेले. मी कशाला लपवू? राजकारणात जाणं हा गुन्हा नाही. पण आज या घराण्याचं नाव निघतं ते खासदारकीमुळे निघतं का? नाही. नातवंडांची ओळख मतदारसंघावरून होते का? नाही. जागा गेली तरी घराणं राहिलं, कारण ते जागेवर उभंच नव्हतं. आता जिल्ह्यात नजर फिरवा. एक निवडणूक हरली की ज्यांचं थोर घराणं फ्लेक्ससकट खाली उतरतं, अशी नावं मनातल्या मनात मोजा. मी लिहीत नाही, तुम्हाला पाठ आहेत.

तिसरा : "आमचे साहेब पण रस्ते करतात, हायमास्ट लावतात, पेव्हिंग ब्लॉक बसवतात." इथे मात्र माझं डोकं फिरतं. भाऊ, तो निधी कुणाचा? आमदार निधी, नगरसेवक निधी, हे सगळे तुमच्या-माझ्या कराचे पैसे. तू काडेपेटी विकत घेतलीस तरी त्यात कर भरलास. स्वतःच्या खिशातला रुपया न काढता लोकांच्या पैशावर स्वतःचं नाव रंगवायचं आणि खाली "यांच्या विशेष प्रयत्नातून" लिहायचं, याला दातृत्व म्हणत नाहीत. कारकुनी म्हणतात. ती वेळेवर आणि नीट केली तर आभार मानू, पण दानशूर म्हणणार नाही.

आणि हे आपल्या जिल्ह्यात तरी कुणी कुणाला शिकवू नये. आपण जिल्ह्याला अहिल्यादेवींचं नाव दिलं. त्यांचा जन्म आपल्याच चौंडीचा. काशीपासून रामेश्वरापर्यंत घाट, बारवा, धर्मशाळा, मंदिरं त्यांनी उभी केली. कुठल्या पैशातून? राज्याचा खजिना वेगळा आणि खासगी वेगळी, हा हिशोब त्यांनी काटेकोर ठेवला आणि दानधर्म केला तो खासगीतून. अडीचशे वर्षांपूर्वी जो फरक एका राज्यकर्तीला कळत होता, तो आज तिच्या नावाच्या जिल्ह्यात वॉर्डाच्या पातळीवर कळत नाही. पाटीवर नाव बदललं, हिशोबाची वही कधी बदलणार?

केडगावकर म्हणून हे सगळं मला जिव्हारी का लागतं, तेही सांगतो. एप्रिल २०१८ मध्ये महापालिकेच्या पोटनिवडणुकीचा निकाल लागला, त्या दिवशी आपल्या केडगावात दोन कार्यकर्त्यांचा खून झाला. सगळ्या महाराष्ट्राच्या टीव्हीवर आपल्या गावाचं नाव झळकलं. कोण दोषी, कोण निर्दोष, ते कोर्ट ठरवील, मी त्यात पडत नाही. मला एकच दिसतं. वॉर्डाच्या एका जागेपायी माणसं जिवानिशी गेली, दोन घरं उघडी पडली. सत्ता म्हणजे घराणं, सत्ता म्हणजे इज्जत, जागा गेली की सगळं गेलं, हे आपण पोरांच्या डोक्यात भरतो. मग ती जागेसाठी काहीही करायला तयार होतात. फ्लेक्सवरच्या चाळीस फोटोंमधला प्रत्येक पोरगा मला त्या दिवसापासून वेगळा दिसतो. त्याला आपण दुसरा कुठला वारसा दाखवलाच नाही.

दाखवायला हवा होता. तो चौकातच होता.

म्हणून तीन साध्या गोष्टी सुचवतो.

एक. कायनेटिक चौकात एक पाटी लागावी. फोटो नको, शुभेच्छुक नकोत. या चौकाला हे नाव का पडलं, एवढंच आठ-दहा ओळींत. लोकवर्गणी काढू, माझे पाचशे रुपये आजच धरा.

दोन. केडगावात रात्री उशिरापर्यंत उघडी राहणारी, कुणाच्याही नावाची नसलेली अभ्यासिका हवी. एका खोलीत दोन-तीन भावंडं अभ्यास करतात अशी घरं आपल्याकडे कमी नाहीत. ज्याला खरंच दानशूर व्हायचं आहे, त्यानं वाढदिवसाच्या फ्लेक्सचे पैसे तिथे द्यावेत. पावती मिळेल, फोटो मिळणार नाही.

तीन. यापुढे कुणी "मोठ्या घराण्याचा वारस" म्हणून दारात आला, तर त्याला चहा द्या आणि तीन प्रश्न विचारा. तुम्ही जे दिलं, ते तुमच्या खिशातलं की आमच्या? तुमची खुर्ची गेल्यावर ते टिकेल का? आणि ते घेतल्यावर आम्हाला पुन्हा तुमच्याच दारात मागायला यावं लागेल का?

या तीन प्रश्नांना जो नीट उत्तर देईल त्याला मत द्या, मग तो कुठल्याही पक्षाचा, कुठल्याही जातीचा, बिनघराण्याचा असला तरी चालेल. भाऊसाहेबांना मोठं केलं ते आडनावानं नाही, त्यांच्या कामामुळे ते आडनाव मोठं झालं. हा क्रम आपण उलटा करून ठेवलाय.

लुना परत आलीय बरं का, फेब्रुवारी २०२४ मध्ये, विजेवर चालणारी, त्याच घराण्याच्या पुढच्या पिढीची. परवाच पुणे रस्त्यावर एक बाई तिच्यावरून दुधाची किटली घेऊन जाताना दिसली. चौकातून वळली, फ्लेक्सखालून गेली, वर बघितलंसुद्धा नाही तिनं.

मलाही आता तसंच करायचं आहे. आणि तो पोरगा पुन्हा रिक्षात भेटला, तर या वेळी गप्प बसणार नाही.

पटलं तर शेअर करा. नाही पटलं तर कमेंटमध्ये या, पण वर लिहिलेल्या तीन प्रश्नांची उत्तरं घेऊन या.

– एक केडगावकर