भावोजी, डीजे म्हणजे भिंत नव्हे!

परवा संक्रांतीला सगळे आमच्याकडे जमले होते. तिळगूळ झाला, गुळाच्या पोळ्या झाल्या आणि मग नेहमीप्रमाणे वाद झाला. नातवाने "आजी, हे ऐक" म्हणून माझ्या कानांवर हेडफोन चढवले होते आणि मी मान डोलावत होते. ते नेमकं आमच्या धाकट्या दिरांनी पाहिलं.

"वहिनी, तुम्हीसुद्धा? अहो, यात त्या माणसाने केलं काय? गाणी दुसऱ्यांची, यंत्र जपान्यांचं, हा नुसता बटणं दाबतो!"

सगळे हसले. नातूही हसला, पण हेडफोन उचलून आत निघून गेला. शनिवारी रात्री तो पुण्यात एका ठिकाणी डीजे म्हणून वाजवतो आणि आमच्या घरात ही गोष्ट पाहुण्यांसमोर बोलायची नाही असा अलिखित नियम आहे. मला तेव्हा उत्तर सुचलं नाही. (मला ते नेहमी दुसऱ्या दिवशी, भाजी निवडताना सुचतं.) म्हणून इथे लिहिते. भावोजी हे वाचतात, मला ठाऊक आहे. वाचावंच त्यांनी.

आधी सांगते, मी काही या संगीताची भक्त नाही. आमच्या सोसायटीने डीजेविरुद्ध पोलीस चौकीत जो अर्ज दिला त्यावर माझी सही आहे आणि उद्या पुन्हा अर्ज निघाला तर पुन्हा करीन. तरीही त्या रात्री नातवाला विचारून तोच मिक्स लावून घेतला. पुढच्या चार दिवसांत तीनदा ऐकला. पहिल्यांदा डोकं दुखलं, खोटं कशाला सांगू!

हा मिक्स जेफ मिल्स नावाच्या अमेरिकन डीजेचा. गाव डेट्रॉइट, म्हणजे मोटारींचं शहर, टेक्नो संगीताचं माहेर. १९९५ साली टोकियोच्या लिक्विड रूम या क्लबात त्याने वाजवलं, त्याचं हे ध्वनिमुद्रण. पुढच्या वर्षी ते बाजारात आलं. तासाभराहून थोडा जास्त वेळ, आणि तेवढ्यात तीसहून अधिक तबकड्या. दोन नव्हे, तीन टर्नटेबलांवर.

आता "गाणी दुसऱ्यांची" हा मुद्दा घेऊ. (खरं तर त्यातली बरीच त्याची स्वतःचीच आहेत, पण ते सोडा.) भावोजी, आपण दोघं राममंदिरात कीर्तनाला जातो. अभंग तुकोबांचा, ओवी ज्ञानोबांची, मध्येच एखादा कबिराचा दोहा, आख्यान महाभारतातलं. यात बुवांचं स्वतःचं काय? तरी घरी येताना तुम्हीच म्हणता, "आज बुवांनी काय रंगवलं!" पूर्वरंगात काय घ्यायचं, कुठे थांबायचं, समोरचे पेंगायला लागले की गजर कधी धरायचा, हे बुवांचं. तोच अभंग दुसऱ्याच्या तोंडी पडला की आपण घड्याळ बघतो. मग तोच न्याय या बिचाऱ्या डेट्रॉइटवाल्याला का नाही?

दुसरा मुद्दा बटणांचा. इथे मला फळ्याजवळ उभं राहिल्यासारखं वाटतंय, तेव्हा थोडं गणित सहन करा. समजा, एका तबकडीवर मिनिटाला १३६ ठोके पडतात आणि दुसरीवर १३८. फरक किरकोळ वाटतो ना? पण दोन्ही एकदम सुरू केल्या तर पंधराव्या सेकंदाला बरोबर अर्ध्या ठोक्याचं अंतर पडतं आणि कानाला दोन घोडे वेगवेगळ्या चालीने दौडल्यासारखं ऐकू येतं. म्हणून दुसऱ्या तबकडीचा वेग कमी करून घ्यायचा. १९७९ सालच्या टेक्निक्सच्या टर्नटेबलावर त्यासाठी एक सरकती पट्टी आहे, तिने वेग आठ टक्के कमी किंवा जास्त होतो. पण किती सरकवायची ते यंत्र सांगत नाही. कान सांगतो. एका कानाने समोर नाचणाऱ्यांना ऐकू येणारी तबकडी ऐकायची, दुसऱ्या कानाने हेडफोनमधली. आणि नुसते ठोके जुळून भागत नाही. नवी तबकडी आवर्तनाच्या तोंडाशी यायला हवी, नाहीतर सम चुकलेल्या तबलजीसारखी फजिती. त्यातून दोघींचा खर्ज एकदम वाजू लागला की नुसता चिखल होतो. तो एकीचा काढून घेऊन दुसरीचा सोडायचा. हे सगळं मिल्स दर दोनएक मिनिटांनी करतो. याला बटण दाबणं म्हणायचं, तर पेटी वाजवणं हेही बटण दाबणंच.

हे आकाशातून पडलेलंही नाही. न्यूयॉर्कच्या सँक्चुअरी क्लबात फ्रान्सिस ग्रासो याने साठ-सत्तरच्या दशकांच्या सांध्यावर ठोक्याला ठोका जुळवण्याची रीत रुळवली. १९७३ मध्ये ब्रॉन्क्समध्ये कूल हर्कने एकाच गाण्याच्या दोन तबकड्या घेऊन त्यातला नुसता तालाचा तुकडा लांबवला. ग्रँडमास्टर फ्लॅश तर नेमकी जागा सापडावी म्हणून तबकडीवर मेणखडूने खूण करी. खडूचं नाव निघालं आणि मला तो माणूस एकदम आपला वाटला.

आता माझा निकाल. पेपर तपासल्यासारखा तपासला आहे. तंत्राला दहापैकी आठ. दोन कापले, कारण काही ठिकाणी ठोके सरकलेले मलासुद्धा कळले, घाईत सांधा उघडा पडतो. पण लगेच ओढून जागेवर आणतो, आणि ते ओढणंही ऐकू येतं. नातू म्हणतो, "आजी, तीच तर मजा!" असेल. मी मात्र गुण कापणार. ऊर्जेला नऊ. सुरुवातीपासून मिनिटाला १३० च्या वरची लय आहे, तरी वाढत गेल्यासारखी वाटते. ती लय वाढवून नव्हे, काढून घेऊन. खर्ज बाजूला करतो, नुसती झांजेसारखी टिकटिक उरते, आपण जीव मुठीत धरून बसतो आणि मग खर्ज परत येतो. मागे गर्दीचा गलका उठतो. डेरिक मेचं 'स्ट्रिंग्ज ऑफ लाइफ' येतं तेव्हा इतका वेळ नुसत्या ठोक्यांत राहिलेल्या कानाला पियानोचे सूर म्हणजे उन्हातून ओसरीवर आल्यासारखं झालं. दहावा गुण का दिला नाही? कारण अशा ओसऱ्या फार थोड्या आहेत. काही तबकड्या जरा रंगतात तोवर हा त्यांना उठवतो.

आणि हे सगळं मी घरात, शेजारच्या खोलीत हे झोपलेले असताना, अगदी हलक्या आवाजात ऐकलं. तरी पाय हलत होता. ऊर्जा आवाजात असती तर तो हलला नसता.

इथेच माझं खरं भांडण आहे. आपल्याकडे डीजे हा माणूस राहिलेलाच नाही, ती वस्तू झाली आहे. "डीजे लावला", "डीजे आणला", "डीजेची भिंत". ट्रकवर रचलेले खोके म्हणजे डीजे! त्या मागे कोण बसलाय, काय निवडतोय, याच्याशी कुणाला देणंघेणं नाही. छाती हादरली की पैसे वसूल. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत रहिवासी भागाला दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५ ही मर्यादा आहे, ती भिंतीला कोण वाचून दाखवणार? आणि भावोजी, आपल्या पुतण्याच्या वरातीला ती भिंत कुणी आणली होती? समोरच्या वाड्यातल्या आजी कानांत कापूस घालून आतल्या खोलीत बसल्या होत्या, मी पाहिलं होतं. तेव्हा तुम्ही फेटा बांधून पुढे नाचत होता. म्हणजे भिंतीला पैसे मोजायचे आणि ज्या पोराला लय कळते त्याला हसायचं!

मीही धुतल्या तांदळाची नाही. सातवीच्या वर्गात एक मुलगा बाकावर बोटांनी ताल धरायचा. सुरेख धरायचा, ते तेव्हाही कळत होतं. मी त्याच्या बोटांवर पट्टी मारली होती. एकदा नाही, पुष्कळदा. परवा नातू आत गेला तेव्हा तीच बोटं आठवली.

एक गोष्ट मात्र भावोजींची अर्धी मान्य. नातवाकडे तबकड्या नाहीत, लॅपटॉपला जोडायचा एक खोका आहे आणि त्यावर 'सिंक' नावाचं बटण आहे. दाबलं की लय आपोआप जुळते. मी त्याला सरळ विचारलं, "तू दाबतोस?" म्हणाला, "कधी कधी." मला नाही आवडलं. लय जुळली तरी कशानंतर काय लावायचं हे बटण सांगत नाही, हे खरं, पण कान घासायचा तो घासावाच लागतो.

रविवारी तो खोका घेऊन इकडे येणार आहे. सिंक बंद ठेवायचं असं ठरलंय. भावोजी, तुम्हीही या. दोन गाणी फक्त दोन मिनिटं एकत्र चालवून दाखवा. जमलं तर हा लेख मी काढून टाकते.